कसं लागतंय, सांगा

शेक संपले तेव्हा विमलबाईच्या तोंडातली चव पार गेली होती.

वर्षानुवर्षं लावलेल्या मिश्रीनं गालाच्या आत गाठ धरली. ती नगरच्या दवाखान्यात काढली आणि मग हिवाळाभर तिला विजेचे शेक दिले. गाठ गेली, आता भीती नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण घरी आल्यावर भात तिला कागदाच्या लगद्यासारखा लागायचा आणि दूध ओल्या चुन्यासारखं. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. स्टीलचा चमचा जिभेला टेकला की लोखंड चाटल्यासारखं व्हायचं. सुप्याजवळच्या त्यांच्या वस्तीवर कोणाकडेही कार्य असलं की पातेल्यातली पहिली पळी विमलबाईच्या तळहातावर यायची, मग बाकीच्यांच्या पानात. अंगणवाडीत मदतनीस म्हणून पोरांची खिचडीही तीच शिजवायची. आता ती चुलीपुढं नुसती सवयीनं बसायची आणि वाढलेलं ताट हातानं बाजूला सारायची.

तिचा नवरा सहादू सुप्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होता. मुळात अबोल माणूस. पानात पडेल ते खायचं, पाणी प्यायचं आणि उठायचं, ही त्याची रीत. चांगलं झालंय असं तो लग्नापासून कधी म्हणाला नव्हता, वाईट झालंय असंही नाही. एकुलत्या मुलीचं, शुभांगीचं, लग्न होऊन ती पुण्याला गेल्यापासून तर जेवताना घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी वजन पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मावशी, काय खाता तुम्ही?"

"कायबी न्हाई," सहादूनंच उत्तर दिलं. "ताट सारती."

"मग आईस्क्रीम खा. मऊ असतं, गार असतं, गिळायला सोपं. साखरेचा आजार नाही ना? मग खुशाल खा. चव येईल, पण हळूहळू."

बाहेर आल्यावर विमलबाई म्हणाली, "ह्या वयात आईस्क्रीम! चला गाडीला."

पण माळीवाडा स्टँडकडे जायचं सोडून सहादूनं रिक्षा सावेडीकडे घ्यायला लावली. येताना त्यानं काचेचं दार असलेलं आईस्क्रीमचं एक दुकान पाहिलं होतं. दारापाशी आल्यावर मात्र त्याचा पाय अडला. आत कॉलेजची पोरं-पोरी बसलेली, भिंती गुलाबी. त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि अनवाणीच आत पाऊल टाकलं.

"काका, चपला राहू द्या पायात," काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली. तिच्या खिशाला नाव लावलेलं होतं, निकिता. "काय देऊ? बटरस्कॉच चालेल?"

त्या शब्दाचा अर्थ विचारायला नको म्हणून सहादू घाईनं म्हणाला, "द्या. एक."

"मी एकटी खाऊ व्हय लोकांपुढं?" विमलबाई त्याच्या कानाशी पुटपुटली. "तुमी बी घ्या."

दोन कप आले. सोबतचा चमचा लाकडाचा, चपटा. तो तिच्या ओठांतून सहज आत गेला आणि लोखंडाची चवही आली नाही. ती घास तोंडात धरून बसली. सहादू तिच्या तोंडाकडं बघत होता.

"काय?"

"गार हाय. गार बरं वाटतंय."

"आन् चव?"

"बर्फात खडू किसल्यावानी." तिनं चमचा खाली ठेवला. मग तिचं लक्ष त्याच्याकडं गेलं. त्याचा कप अर्धा झाला होता आणि मिशीला पिवळं लागलं होतं. "तुमाला आवडलं वाटतं."

"बरं हाय."

"बरं म्हंजी? कसं लागतंय, सांगा की."

"गोड."

"गोड तर आसनारच. कसलं गोड? गुळाचं, साखरंचं, का दुधाचं?"

सहादू गोंधळला. असलं त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं आणखी एक चमचा घेतला आणि तो गिळायच्या आधी बराच वेळ तोंडात घोळवला.

"साखरंचं," तो म्हणाला. "पन करपल्याल्या साखरंचं. आन् मधी मधी दाताखाली कायतरी कुडकुड येतंय."

"चिक्कीवानी?"

"व्हय. तू संक्रांतीला करती तसलीच. मागल्या साली पाक जरा फुडं गेल्ता, तशी."

विमलबाई त्याच्याकडं बघतच राहिली. पाक पुढं गेला होता हे खरं. पण ते आपल्याशिवाय कोणाला कळलं नाही, असंच ती समजत होती.

"तुमाला समजलं हुतं?"

"न समजाया काय झालं?"

"मंग बोलला न्हाई तवा."

"चांगली लागत हुती," कपाकडं बघत सहादू म्हणाला.

तिनं खाली ठेवलेला चमचा परत उचलला आणि विरघळत आलेला कप शेवटपर्यंत संपवला.

तेव्हापासून हे ठरूनच गेलं. सुट्टीच्या वारी ती दोघं एसटीनं नगरला यायची. कधी दवाखान्याचं काम असायचं, कधी नसायचं. सावेडीतलं दुकान झालं, दिल्लीगेटच्या बाजूचं एक झालं, पण बहुतेक वेळा निकिताच्याच दुकानात. विमलबाई हळूहळू कप संपवायची आणि सहादू सांगायचा. पहिल्यांदा तो फार अडखळायचा. सीताफळाच्या आईस्क्रीमबद्दल त्यानं बराच विचार करून सांगितलं, "बिया थुकायचं काम न्हाई." त्यावर ती इतकी हसली की गाल दुखला. मग त्याला जमत गेलं. पिस्ता भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जातो पण त्याच्यासारखा मोकळा नसतो. गुलकंद अत्तर लावलेल्या पाहुण्यासारखा, आला की घरभर. तो काहीही सांगायला लागला तरी शेवटी तिच्याच चुलीपाशी येऊन थांबायचा. शुभांगी पोटात होती तेव्हा केलेला गूळपापडीचा लाडू. कंपनीत संप होता त्या साली दुधाशिवाय केलेली शेवयांची खीर. त्यानं न बोलता खाल्लेलं सगळं त्याच्याजवळ जागच्या जागी होतं. विमलबाई ऐकायची आणि खिडकीबाहेर बघायची, म्हणजे डोळे दिसू नयेत.

उन्हाळा लागला तसं निकितानं एकदा जांभळ्या रंगाचं काहीतरी छोट्या चमच्यात पुढं केलं.

"मावशी, हे सॉर्बे. यात दूध नाही, नुसतं जांभूळ आणि बर्फ. जरा झोंबेल हं."

विमलबाईनं ते तोंडात घातलं आणि झटकन गालाला हात लावला. सहादू खुर्ची मागं सारून उठला. "पानी द्या, पानी!"

तिनं त्याची बाही धरली.

"थांबा. आवं, आंबट हाय."

"काय?"

"आंबट! आंबट लागतंय!"

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते झोंबल्याचं की कशाचं, तिलाही सांगता आलं नसतं. निकितानं न विचारता दुसरा चमचा भरून दिला.

पण ते टिकलं नाही. पुढच्याच आठवड्यात तिचं तोंड आतून पांढरं पडलं, जिभेला चिरा गेल्या. पाणी प्यायलं तरी आग व्हायची. आंबट जसं आलं तसं गेलं. डॉक्टरांनी लावायला औषध दिलं आणि असं होतं म्हणून सांगितलं. पण विमलबाईचा धीरच सुटला.

"मी न्हाई येनार आता," ती म्हणाली. "उगा पोरासारकी नादी लागले."

शुभांगीचा फोन आला तर तिनं तो तसाच सहादूच्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

सुट्टीच्या दिवशी सहादूनं मोटारसायकल बाहेर काढली. कुठं चाललाय हे सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. तो परतला तेव्हा ऊन उतरलं होतं. हातपाय धुऊन तो तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसला.

"नगरला गेल्तो. दुकानात."

ती वळली. "एकटंच?"

"व्हय. आपला वस्तीवरला वैजनाथ भेटला तितं, पोरीला घिऊन आल्ता. जयभीम केला आन् म्हनतो, बाबा, एकटंच बसून आईस्क्रीम?"

"मंग? काय सांगितलं?"

"म्हनलं, कामाला आलोय."

तिला हसू आलं आणि ओठ चरचरले. "आवं, हसवू नका."

"आनायचं हुतं तुला. पन हितवर पानी झालं आसतं. म्हनून खाऊन आलो. आता ऐक." त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले. "पेरूचं हुतं. वरनं तिखट-मीठ भुरकल्यालं. तोंडात घेतलं की पहिल्यांदा तिखटच लागतं, तवा वाटलं, फसलो. मंग गार येतं. तिखटाला दाबून टाकतं. आन् मंग मागनं सावकाश पेरू येतो. लई पिकल्याला न्हाई. अंगनवाडीच्या मागल्या झाडाचा, तू पदराला पुसून देती ना पोरांला, तसला. जरा तुरट. गिळून झालं तरी वास नाकात ऱ्हातो."

"बिया?"

"काढल्याल्या. एक ऱ्हायली हुती. ती दातात घिऊन आलो सुप्यापतोर."

बाहेर कोणीतरी शेळ्या हाकत नेत होतं. मग विमलबाई म्हणाली, "जरा पेज करता का? पातळ?"

सहादूला पेज येत नव्हती. तिनं पडल्या पडल्या सांगितलं, तांदूळ किती, पाणी किती, विस्तव कधी बारीक करायचा. पेज गाठीगाठीची झाली. निकिताच्या दुकानातले चार-सहा लाकडी चमचे त्यानं धुऊन फळीवर ठेवले होते, त्यातलाच एक घेऊन तिनं वाटीभर पेज संपवली, गाठीसकट.

बुद्धपौर्णिमेपर्यंत तोंडातल्या चिरा भरून आल्या. ती विहारात गेली, बायकांत बसली. मग नगरच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. वजन वाढायला लागलं, गालावर हाडं दिसायची ती झाकली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चव कशी आहे, तर विमलबाईनं सहादूकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "येती-जाती."

आंब्याच्या वेळी तर सहादू रंगातच आला. आंबा गोड म्हणून सांगण्यात काय अर्थ, असं म्हणत त्यानं कोयीजवळचा आंबा, सालीजवळचा आंबा आणि रस काढताना मनगटावरून ओघळलेला आंबा असे तीन वेगळे करून सांगितले. शेजारच्या टेबलावरचं एक जोडपं आपलं बोलणं थांबवून ऐकत होतं. विमलबाई हनुवटीला हात लावून बसली होती.

त्याच्या पुढच्या खेपेला निकितानं मलई कुल्फी दिली. विमलबाईचं तोंड अजून पुरतं उघडत नव्हतं म्हणून काडीवरची न देता बशीत पातळ काप करून दिली. सहादूनं पहिला काप जिभेवर ठेवला.

"आटवल्यालं दूध हाय. लई आटवलंय. वेलदोडा हाय, पन मागं हुबा हाय, फुडं येत न्हाई. साय मधी मधी लागती. बासुंदीपेक्षा…"

"बुडाला लागलंय जरा," दुसरा काप उचलता उचलता विमलबाई म्हणाली. "आटवताना कोनी ढवळलं न्हाई वाटतं."

सहादूचा हात हवेतच थांबला.

त्यानं आणखी एक काप घेतला आणि नीट चाखला. खरंच, अगदी शेवटी, जिभेच्या मागच्या बाजूला, करपल्याचा एक बारीक वास होता. त्याला स्वतःला तो लागलाच नव्हता.

"तुला लागलं व्हय हे?"

विमलबाईच्या लक्षात आलं. तिनं बशीतल्या कापांकडं पाहिलं, मग पदर सारखा केला.

"कवापासनं?"

"लई दिस न्हाई झालं. एक दिवशी सकाळी च्या घेतला आन् गोड लागला. मला वाटलं भास हाय. मंग केळ खाऊन बघितलं."

"म्हंजी आंब्याच्या टायमाला तुला समजत हुतं?"

"व्हय."

"आन् मी तितं एवडी बडबड केली. लोक बघत हुते. सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं आसतं तर तुमी गप बसला आसता," विमलबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "उगाच न्हाई गेली तुमची बडबड. मला दोन आंबं मिळालं त्या दिशी. एक माज्या तोंडातला आन् एक तुमचा."

सहादूनं रुमाल काढून मिशी पुसली. तिथं काही लागलेलं नव्हतं. काउंटरच्या मागं निकिता कोणाचा तरी फालुदा भरत होती. पंखा फिरत होता. त्याला राग आला आहे का, हे विमलबाई त्याच्या चेहऱ्यावरून शोधत होती.

"मंग," शेवटी त्यानं खाली बघत विचारलं, "दोनातला बरा कंचा हुता?"

"तुमचा. कपातला जरा पांचट हुता."

सहादू हसला. आवाज न करता, खांदे हलवत हसला, आणि हसताना अगदी पोरासारखा दिसला. मग त्यानं बशी दोघांच्या मधोमध सरकवली.

"घे," तो म्हणाला. "गार हाय तवर."

"घेते. पन सांगा की. मघाशी कुठं हुता तुमी? बासुंदीपेक्षा…"

"तुला लागतंय की आता."

"लागूंद्या. सांगा."

सहादूनं एक काप तोंडात घातला आणि खुर्चीत नीट टेकून बसला. "बासुंदीपेक्षा," त्यानं सुरुवात केली, "ही जरा हट्टी हाय. लगीच इरघळत न्हाई. धरून बसती. तुज्यावानी."

विमलबाईनं त्याच्या हातावर चापट मारली आणि पुढं ऐकायला लागली.