क्लीनर साइड

“आरसा बघ, आरसा. मागून लक्झरीचा हॉर्न वाजतोय,” असं कडुबा म्हणेस्तोवर रत्नमालाचा ट्रक दुभाजकाला घासला, दोन झोके खाऊन सरळ झाला आणि पुन्हा धावू लागला. रत्नमाला हसत सुटली. पदर कंबरेला खोचून ती संगणकापुढच्या खुर्चीत अगदी कडेला सरकून बसली होती आणि बटणं अशी दाबत होती की टेबलही ट्रकसारखंच हलत होतं.

बजाजनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत हे टेबल मावावं म्हणून तिचं पिको-फॉलचं मशीन भिंतीकडे सरकवावं लागलं होतं. सायलीच्या ऑफिसानं जुने संगणक काढले, त्यातला एक या पोरीनं स्वस्तात घरी आणला आणि त्यात ट्रक चालवायचा गेम टाकला, तो खरं तर वडिलांसाठी. कडुबानं उभं आयुष्य वाळूजच्या कारखान्यांचा माल ट्रकनं लांबलांब पोचवला होता. मग साखर डोळ्यांत उतरली, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली आणि लायसन पुन्हा मिळालं नाही. तेव्हापासून तो घरात बसून होता. विचारलं तेवढंच बोलायचा.

गेम आला त्या दिवशी आधी तोच खुर्चीत बसला. पण पडद्यावरचे आरसे त्याला दिसेनात, वळण अंगावर आल्यावर कळायचं. थोड्या वेळानं तो उठला. ती रिकामी खुर्ची रत्नमालाला बघवेना. “सरका, मी बघते,” म्हणून ती बसली. तिनं कधी स्कूटीसुद्धा चालवली नव्हती. पण साडीचा काठ न ओढता, न सोडता सुईखालून पुढे नेणारे हात होते ते. त्यांना ट्रक लवकर कळला. आणि शेजारच्या स्टुलावर बसलेला कडुबा जो बोलू लागला, तो थांबेचना. भरलेली गाडी वळणावर कशी कलते, समोरच्याच्या दिव्यावरून त्याचा बेत कसा ओळखायचा, कुठल्या गावचा गतिरोधक स्प्रिंगचे पाटे मोडतो, सगळं. रस्ता त्याला धूसर दिसे, पण इंजिनाच्या आवाजावरून तो गिअर चुकल्याचं अचूक सांगे.

सायली दारात उभी राहून ऐकत होती. एवढं बोलताना तिनं बापाला कधी पाहिलं नव्हतं. असे गेम खेळत खेळत बोलायचं, त्याचा व्हिडिओ करायचा आणि लोकांना दाखवायचा, असं हल्ली पुष्कळ जण करतात, हे तिनं दोघांना समजावलं. मम्मीनं चालवायचं, पप्पांनी बोलायचं.

“मला कोण ऐकंल?” कडुबा म्हणाला. पण संध्याकाळी त्यानं दाढी केली. व्हिडिओत फक्त आवाज येणार, तोंड दिसणार नाही, हे कळल्यावर जरासा हिरमुसलाही.

आता प्रश्न होता रेकॉर्ड करायचं कशात. सायलीनं पहिलं सॉफ्टवेअर उतरवलं ते दिसायला लग्नपत्रिकेसारखं होतं. एक लाल बटण दाबलं की झालं. रत्नमाला हरखली. पण व्हिडिओ बघायला घेतला तर ट्रकच्या बरोबर तोंडावर त्या कंपनीचं नाव आडवं छापलेलं, आणि ऐन घाटात चित्र बंद. फुकटात एवढंच, पुढचं हवं तर पैसे भरा.

“आर्ध्या घाटात सोडणारा मालक कामाचा नाय,” कडुबानं निकाल दिला. “काढ त्याला.”

दुसरं फुकट होतं, नावही कुठं छापत नव्हतं, पण जुन्या संगणकाला ते पेलेना. ट्रक आचके देत चालू लागला. डिझेलमध्ये पाणी गेल्यावर गाडी अशीच करते, असं कडुबा म्हणाला आणि ते कसं काढायचं हे सांगण्यात अर्धा तास गेला. त्यातलं काहीच रेकॉर्ड झालं नाही म्हणून सायली कपाळावर हात मारून घेत होती आणि हसतही होती.

तिच्या ऑफिसातला सत्यम स्वतः असे व्हिडिओ करायचा. त्यानं फोनवर सल्ला दिला, की आधी नुसता गेम रेकॉर्ड करा आणि बोलणं मागाहून निवांत भरा. चुकलं तर कापता येतं, संगणकावरही ताण येत नाही. सल्ला बरोबर होता. रत्नमालानं एक फेरी चालवून दिली आणि ती राहिलेल्या साड्यांकडे वळली. सायलीनं कडुबाच्या कानाला हेडफोन लावला, व्हिडिओ सुरू केला आणि बोला म्हणाली.

कडुबा बोलेना. ट्रक पडद्यावरून आपला आपण चालला होता. त्यानं खाकरून घसा साफ केला, “तर मंडळी” म्हणाला आणि पुन्हा गप्प बसला. रत्नमालानं मशीन थांबवलं. मागची दोन वर्षं या घरात अशीच गेली होती.

“काय झालं, पप्पा?”

“ही गाडी जाऊन आलेली हाय,” तो म्हणाला. “आता सांगू कुणाला? गाडी चालू पायजे. आन् हिच्या हातात पायजे.”

रत्नमालानं दोरा तोडला. “मग तसलंच शोध,” ती लेकीला म्हणाली. “चालवता चालवता बोलायचं. चुकलं तर चुकलं.”

तिसरं सॉफ्टवेअर दिसायला अगदीच करडं, खात्यापित्या घरचं न वाटणारं. उघडलं की नुसत्या चौकटी आणि पट्ट्या. सायली दुपारभर त्यात डोकं घालून बसली. पण ते फुकट होतं, मध्येच सोडत नव्हतं आणि चित्राचा आकार कमी केला तर त्या जुन्या संगणकावर गुळगुळीत चालत होतं. चित्र जरा कमी दिसेल, चालेल ना, असं तिनं विचारलं.

“माझं तर आधीच कमी झालंय,” कडुबा म्हणाला आणि स्वतःच हसला.

मग बापलेकीची जुंपली ती आवाजावरून. सायलीला बोलणं मोठं हवं होतं. कडुबाला इंजिन. इंजिन बारीक केलं तर मी आंधळाच, असं त्याचं म्हणणं. त्या करड्या सॉफ्टवेअरमध्येच तोड निघाली. त्यात गेमचा आवाज एका पट्टीवर आणि माणसांचा दुसऱ्या पट्टीवर वेगळा राहत होता. कडुबाच्या कानात इंजिन हवं तेवढं गर्जू दे, लोकांसाठी मागाहून कमी करता येईल. सायलीनं पट्ट्या हलवून दाखवल्या तेव्हा रत्नमालानं टाळीच वाजवली. हेच घ्यायचं, ठरलं.

रविवारी सकाळी तिनं गिऱ्हाइकांना परस्पर सांगून टाकलं, की साड्या उद्या मिळतील. टीव्ही बंद, पंखा बंद, दार लावलेलं. गेममध्ये कुणीतरी कन्नडच्या घाटासारखा घाट बसवला होता, तिथवर भरलेला ट्रक न्यायचा होता. सायलीनं बटण दाबलं, लाल ठिपका उमटला.

“नमस्कार मंडळी. गाडी चालवतीय सायलीची माय. मी क्लीनर साइडला हाये,” कडुबा म्हणाला आणि रत्नमालाला हसू दाबावं लागलं.

ट्रक सुंदर चालला. ती आरसा बघत होती, गिअर वेळेवर पाडत होती, एक बस तिनं इतक्या सफाईनं मागे टाकली की कडुबा “वा” म्हणाला. एवढ्या वर्षांत ती त्याच्या खऱ्या ट्रकमध्ये बसली नव्हती. तो जायचा, तिला फक्त दार लावायचं ठाऊक. हे असे रस्ते होते तर, तिला वाटत होतं.

घाटमाथा आला. डाव्या हाताला मोकळी जागा दिसली. तिनं तसं सांगितलं.

“व्हय. अशीच जागा होती एक,” कडुबा म्हणाला. “तितं मी गाडी लावायचो. कायम. क्लीनर म्हणायचा, वस्ताद, हॉटेल फुडं हाये. त्याला म्हणायचो, तू जाय चालत. तितून खाली उतरलं की खानदेश, दुसरा मुलूख. हिनं बांधून दिलेली भाकर म्या तितंच खायचो, घाट उतरायच्या आधी. एकट्यानं. हॉटेलात फडकं नाय सोडलं कधी.”

रत्नमालाची बोटं बटणावरून उचलली गेली. पहाटे उठून ती भाकरी थापायची, तेव्हा दर वेळी मनात यायचं, की हा बाबा हॉटेलात जेवणार आणि ही भाकर क्लीनरच्या पोटात जाणार. फडकं धुऊन, घडी घालून परत यायचं. तिनं कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही.

ट्रक हळू होत होत त्या मोकळ्या जागेत थांबला. कडुबानं मान वळवली. “काऊन थांबवली?”

“जेवून घ्या आधी,” ती म्हणाली. “मग उतरू.”

त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिला, पुसून काही फरक पडणार नव्हता तरी. सायलीचा हात बटणाकडे गेला होता, तो तिनं मागे घेतला. लाल ठिपका तसाच राहिला. पडद्यावर मागून येणाऱ्या गाड्या एकेक करून घाटाकडे निघून जात होत्या. रत्नमालानं त्या सगळ्या जाऊ दिल्या.