शंका विचारा

मुंगीचं घोडं मोलपाशी अडलं ते अडलंच. रसायनच्या वर्गात मोल शिकवला त्या आठवड्यात ती तापाने फणफणली होती. बरी होऊन आली तर वर्ग पार पुढे गेलेला, आणि पुढचा प्रत्येक धडा त्या मोलवरच उभा. कालचं येत नाही म्हणून आजचं कळेना, आजचं कळेना म्हणून उद्याचं डोक्यावरून जाई.

गृहपाठ मात्र तिचा कधी चुकला नाही. पुस्तकातलं सोडवलेलं गणित समोर ठेवायचं, जुने आकडे काढून नवे घालायचे, उत्तर मागच्या पानाशी जुळलं की सुटलो बाबा! पण चाचणीत मेलं गणित फिरवून येई. ग्रॅमवरून मोल काढायचे सोडून मोलवरून ग्रॅम काढा! तिथे हिची बोलती बंद.

दोन चाचण्यांत ती नापास झाली होती. तिसरीतही झाली तर रसायन सोडावं लागेल, असं शाळेने घरी कळवलं होतं. आणि रसायन सुटलं म्हणजे प्राण्यांची डॉक्टर होणंही सुटलं. लहानपणापासून तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

"अगं, बाईंना विचार ना!" आत्या म्हणाली. "त्या काय खातात की काय तुला?"

आत्याला सांगणं सोपं. शाळा सुटल्यावर बाई शंका सोडवायला थांबत, आणि हुशार पोरं तिथे एकेक टोकदार शंका घेऊन जात. अहो, शंका यायलासुद्धा थोडं कळलेलं असावं लागतं! तरी तिसऱ्या चाचणीच्या आदल्या दिवशी मुंगी मनाचा हिय्या करून गेली.

"बोल, काय अडलंय?" बाईंनी विचारलं.

"मोल."

"मोलमधलं नेमकं काय?"

आता नेमकं काय सांगणार, कपाळ! अंधारात चाचपडणाऱ्याला काय काय दिसत नाही असं विचारल्यासारखं झालं.

बाई ओरडणाऱ्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या चांगल्या होत्या, हीच पंचाईत. त्यांनी उदाहरणाला अंड्यांचा डझन घेतला. बारा अंडी म्हणजे डझन, तसे अमुक इतके कण म्हणजे मोल. मुंगीला डझन कळला. पण कण दिसत नाहीत तर ते मोजले कोणी, आणि मोजायचेच तर वजन कशाला करायचं? हे विचारावं का? छे, हसतील. बाईंनी फळा पुसून पुन्हा सुरुवात केली. मग पुन्हा. मधेच फोन वाजला. "हो रे राजा, निघालेच," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या आणि चौथ्यांदा खडू उचलला.

शेवटी त्या तिच्याशेजारी बाकावर येऊन बसल्या. आवाज पार बसला होता. "मलाच नीट शिकवता येत नाही का गं? तुझा गृहपाठ इतका सुंदर असतो. म्हणजे चुकतंय ते माझंच."

मुंगीने घाईने मान हलवली.

"कळलं, बाई."

"खरंच?"

"हो. एकदम कळलं."

बाईंचा चेहरा असा काही खुलला की तेवढ्यापुरतं मुंगीलाही वाटलं, कळलंच असेल की!

दुसऱ्या दिवशी चाचणीचा पेपर वाटताना बाई तिच्यापाशी वाकल्या. "शेवटचं गणित तुझ्यासाठी घातलंय हं," त्या कुजबुजल्या. "मुद्दाम फिरवून. निम्मे गुण त्याला आहेत. नुसतं पाठ करणाऱ्यांना नाही यायचं, पण तुला येईल."

मुंगीने आधी शेवटचं गणितच वाचलं. मग पुन्हा वाचलं. अमुक मोल पाण्याचं वजन किती? गुणायचं की भागायचं, कोणाला ठाऊक! आपल्या एका 'कळलं'ने हे गणित इथे आणून बसवलं, एवढं मात्र तिला स्वच्छ कळलं. तिला रडूच फुटायला आलं. वरची लहानसहान गणितंही डोळ्यांपुढे पोहायला लागली.

बाई रांगेतून फिरत फिरत तिच्या बाकाकडे यायला लागल्या. कोरा कागद दिसला तर? मुंगीने घाईघाईने पेन उचललं आणि मनाला येतील ते आकडे एकाखाली एक लिहीत सुटली. बाई मागे येऊन थांबल्या. कागदाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, इतका त्यांचा विश्वास. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"जमतंय ना?"

"हो, बाई," मुंगी म्हणाली आणि त्यांना बघता येऊ नये म्हणून कागदावर आणखी खाली वाकली.