खालची दोन बोटं

"काका, चित्राची खालची दोन बोटं चौकटीच्या पट्टीखाली घालू का? काळपट डाग आहे तिथे, उगाच शोभा जाते," असं म्हणत फ्रेमवाल्याने नदीचं चित्र चित्रकारापुढे धरलं.

सत्तरी उलटल्यावर पहिलं स्वतंत्र प्रदर्शन मिळालं होतं. दालनाच्या चौकटी सगळ्या एका मापाच्या. त्यांत बसेल तेच लागणार. चित्रकार 'घाला' म्हणणारच होता. जन्मभर वाट पाहून मिळालेल्या गोष्टीत दोन बोटांसाठी कोण अडून बसतं?

तेवढ्यात फ्रेमवाल्याने आणखी दोन चित्रं शेजारी टेकवली. एक बंद गिरणीचं आवार, एक दुपारचा रिकामा रस्ता. "यांतही तेच. तुमच्या सगळ्या जुन्या चित्रांत आहे हो."

चित्रकाराने चष्मा पुसून पाहिलं. डाग कसला, सावली होती ती. छत्रीची गोल कड, आणि छत्रीबाहेर राहिलेलं एक डोकं.

बायकोचं. तीस वर्षं ती त्याच्या मागे उभी राहून त्याच्यावर छत्री धरायची आणि स्वतः उन्हात तापायची. दिसेल ते इमानाने रंगवायचं, हा त्याचा खाक्या. सावली पडली, रंगवून टाकली. कोणाची, ते बघायला सवड कुठे होती! उलट "छत्री हलवू नकोस गं" म्हणून खेकसायचा. लोक विचारत, तुमच्या चित्रांत माणूस का नसतो? तीही एकदा म्हणाली होती, "मला कधी काढणार?" "आधी उजेड तर पकडू दे," म्हणून त्याने तिला गप्प केलं होतं. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"नाही कापायचं," तो म्हणाला.

"कापत नाही हो, नुसतं झाकतोय."

"झाकायचंही नाही."

"मग लागायची नाहीत. अशी अकरा आहेत. भिंती ओक्याबोक्या दिसतील, काका."

"दिसू देत."

फ्रेमवाल्याने कपाळाला हात लावला. मग त्याने यंदाच्या उन्हाळ्यातलं माळाचं चित्र उचललं आणि त्याचा चेहरा खुलला. "हे बघा, हे कसं झकास! खालपर्यंत लख्ख. एक डाग नाही."

चित्रकार बघत राहिला. खालच्या कडेपर्यंत गवतावर ऊनच ऊन होतं.

"हो," तो म्हणाला. "हे बसेल. लावा हे."

बाकीची उद्या नेतो म्हणून त्याने नदीचं तेवढं बगलेत घेतलं आणि दाराशी टेकवलेली छत्री उचलली. बाहेर ऊन रणरणत होतं. त्याने छत्री उघडली, पुरती चित्रावर कलती केली आणि उघड्या डोक्याने तो घराकडे चालू लागला.