पंचेचाळीसच्या आतला मेकॅनिक

गोऱ्या शेतकऱ्यांच्या वोंगाबरा गावात क्लाइव्ह हॅड्रिकला कोणी नावं ठेवत नसे, कारण माणूस खरंच चांगला होता. चांगल्या माणसांचा हाच त्रास असतो, त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. पंचक्रोशीतली गहू कापायची अजस्र यंत्रं त्याच्या वर्कशॉपात दुरुस्तीला येत आणि ती दुरुस्त करायचा रॉडेल मागबानुआ. तो समुद्रापलीकडच्या आपल्या देशातून, इलोइलोहून आला तेव्हा त्याची मुलगी आठ वर्षांची होती. आता ती बारा वर्षांची झाली होती, आणि बायको आर्लिन तिला अजून तेच सांगत होती, की बाबांचे तिथे राहायचे कायमचे कागद झाले की आपण तिकडे जायचं.

हे कागद मालकाने करायचे असतात. क्लाइव्ह दर वर्षी करणारच होता. "घाई काय आहे, दोस्ता? तू तर घरचाच माणूस." एकदा का माणूस घरचा झाला, की त्याला रजा, कागद असल्या परक्यांच्या गोष्टी लागत नाहीत. नाताळला क्लाइव्हची बायको रॉडेलच्या ताटात डुकराच्या मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढायची, आणि तो भातावाचून कसाबसा गिळायचा.

शेवटी ऑगस्टात रॉडेलने धीर केला.

"बॉस, नऊ ऑक्टोबरला मला पंचेचाळीस पुरी होतात. मग अर्जच घेत नाहीत. आणि त्याच महिन्याच्या अखेरीला व्हिसा संपतो."

"बॉस म्हणू नकोस रे, इथे सगळे सारखे. पंचेचाळीस? दिसत नाहीस हां तू! मग आधी नाही का बोलायचं?"

रॉडेल आधी सात वेळा बोलला होता.

आता घोडं अडलं ते जाहिरातीवर. आधी चार आठवडे जाहिरात द्यायची, गावातला लायक माणूस मिळाला नाही तरच बाहेरच्याचं नाव पुढे करायचं, असा नियम. क्लाइव्हला कॉम्प्युटर झेपत नसे, म्हणून जाहिरात रॉडेलनेच टाइप केली. स्वतःच्या जागेवर माणूस पाहिजे असं स्वतःच लिहायचं भाग्य सगळ्यांना लाभत नाही. पंचवीस दिवस कुत्रं फिरकलं नाही. सव्विसाव्या दिवशी नेव्हिल डगनचा अर्ज आला.

नेव्हिल पन्नाशीचा, अकरा वर्षं बेकारभत्त्यावर. भत्ता चालू ठेवायचा तर दर महिन्याला ठरलेले अर्ज करावेच लागत, म्हणून तो नर्सच्या, केशकर्तनकाराच्या, एकदा तर हेडमास्तरच्या जागेसाठीही अर्ज करून बसला होता. आजवर त्याला कोणी बोलावलं नव्हतं, हे त्याचं नशीब. पण क्लाइव्ह न्यायाचा माणूस. "संधी प्रत्येकाला मिळालीच पाहिजे," तो म्हणाला. "रॉडेल, परीक्षा तूच घे. मला आता इंजिनातलं काय कळतंय!"

परीक्षेच्या दिवशी नेव्हिलने रॉडेलला यंत्राच्या आडोशाला गाठलं.

"हे बघ, मला नापास कर हं. कृपा होईल."

"तेवढंच करायला आलोय मी."

दोघांनी हात मिळवले. क्लाइव्ह चहाचा मग घेऊन खुर्चीवर बसला. नेव्हिलने पहिली तीन उत्तरं अशी काही चुकवली, की रॉडेलला त्याला मिठी मारावीशी वाटली. मग रॉडेलने इंजिन सुरू केलं. भार पडला की हे इंजिन गुदमरायचं, आणि तीन दिवस त्याला कारण सापडत नव्हतं.

नेव्हिलमधला अकरा वर्षांपूर्वीचा मेकॅनिक जागा झाला, त्याच्या कपाळाला आठी पडली. "हवा ओढतंय."

"इंजेक्टर गेलाय."

"इंजेक्टर कसला, डोंबल! डिझेलच्या नळीत हवा शिरतेय. कान दे की जरा!"

इथे रॉडेलने गप्प बसायला हवं होतं. गप्प बसला असता तर आर्लिन आणि मुलगी पुढच्या वर्षी विमानात बसल्या असत्या. पण तो म्हणाला, "कुठे?"

पाऊण तास दोघांची डोकी यंत्रात होती. टाकीमागच्या नळीला केसाएवढी चीर सापडली. इंजिन भार घेऊन घुमायला लागलं तेव्हा दोघांनी काळ्या हातांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या, आणि मागे वळून बघतात तर क्लाइव्ह उभा. त्याचे डोळे भरून आले होते.

"नेव्हिल! अरे, रत्न आहेस तू!"

दोघांचे चेहरे पडले.

"आता खोटं कसं लिहू मी, रॉडेल?" क्लाइव्ह म्हणाला. "लायक माणूस गावातच निघाला. काम एकाचंच आहे." आलेली नोकरी नाकारली तर भत्ता बंद होणार, म्हणून नेव्हिलने फाशीचा हुकूम ऐकावा तसा होकार दिला.

रॉडेलने घरी फोन केला. आर्लिनने त्याच्याकडून इंजिनाची सगळी हकीकत काढून घेतली. मग म्हणाली, "ते इंजिन बंदच का नाही ठेवलंस तू?"

त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

निरोपाला सगळं गाव हॉलमध्ये जमलं. सॉसेजं भाजली, बायका रडल्या, क्लाइव्हने भाषण करून त्याला चामड्याची हॅट घातली. इतकं प्रेम करणाऱ्या गावाला त्याला ठेवून घेणं तेवढं जमलं नाही.

नेव्हिल नऊ दिवस टिकला. मेकॅनिकची नोकरी चालू आहे असं कागदावर आल्याबरोबर खाणवाल्यांनी त्याला दुप्पट पगारावर उचललं, आणि तो गेला. तो जाऊ शकत होता. त्याचं त्या देशात राहणं क्लाइव्हच्या सहीला टांगलेलं नव्हतं. रॉडेलला चार वर्षांत शेजारच्या गावातली नोकरीही धरता आली नव्हती.

नोव्हेंबरात, इलोइलोच्या घरी लेकीबरोबर मासळीभात जेवत असताना फोन वाजला.

"रॉडेल! दोस्ता! गहू उभा आहे आणि यंत्रं बंद! आठवण येते रे तुझी. तुझ्यासारखाच कोणी आहे का तिकडे? भाऊ, चुलतभाऊ, कोणीही चालेल. अगदी तुझ्यासारखा, फक्त पंचेचाळीसच्या आतला."

रॉडेलला राग आला. चार वर्षांचा सगळा राग एकदम आला, आणि तो येऊ दिल्यावर त्याला बरं वाटलं.

"पुष्कळ आहेत, क्लाइव्ह," तो म्हणाला. "पण ते म्हणतात, आधी कायमचे कागद, मग पान्याला हात."

"असं कोण म्हणतं?"

"इथले सगळेच मेकॅनिक. मी घरोघर जाऊन सांगून आलोय."