डाव्या कानाची परवानगी

मी एक जुना, कुरकुऱ्या स्वभावाचा हवेचा पंप आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानात मागच्या दाराशी उभा असतो. मित्रांनो, नाक मुरडू नका. एके काळी या दुकानात माझ्याशिवाय पान हलत नसे.

कारखान्यात लोखंडी नळी, लाकडी मूठ आणि चामड्याचा वायसर एकत्र आले आणि मी श्वास घेऊ लागलो. दुकानाचे मालक, म्हणजे दोन मुलींचे बाबा, मला कौतुकाने घेऊन आले. मग कंप्रेसर आला. बटण दाबलं की गुरगुरणारा, कधीच न दमणारा. मी अडगळीत गेलो. खोटं कशाला बोलू, माझा फार जळफळाट झाला.

एकदा त्या कंप्रेसरने जुना टायर भरताना हवा कुठून जाते ते ऐकायला बाबा वाकले. टायर कानाशीच फुटला आणि त्यांचा डावा कान कायमचा गेला. मुलींना ही गोष्ट पाठ होती. पण थोरलीने, म्हणजे ताईने, त्यातूनही एक युक्ती काढली होती. नको त्या गोष्टीला होकार हवा असला की ती डाव्या बाजूने हळूच विचारायची. कामात बुडालेले बाबा नुसती मान डोलवायचे.

एका दुपारी दोघी बहिणींनी कागदी रॉकेट उडवायचं यंत्र जुळवलं. प्लास्टिकची रिकामी बाटली, झाकणात हवा भरायला सायकलचा व्हॉल्व्ह आणि बुडाला रॉकेटची नळी, जिचा चिमटा काढला की रॉकेट सुटणार. दुसऱ्या दिवशी शाळेत स्पर्धा होती. आपलं रॉकेट पाण्याच्या टाकीपलीकडे जाईल, असं ताई वर्गात छातीठोकपणे सांगून आली होती. आता फक्त हवा कुठून घ्यायची ते ठरायचं होतं.

"हा म्हातारा लावूया ना," धाकटी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

"याच्या हवेने कुंपणसुद्धा ओलांडणार नाही. कंप्रेसरच लावू."

"बाबा ओरडतील गं!"

"थांब, परवानगी काढते."

ताई बाबांच्या डाव्या बाजूला जाऊन पुटपुटली. चाकाच्या तारा कसता कसता बाबांनी मान डोलवली. मला धोका दिसत होता. ओरडावं तर मला फक्त फुंकर मारता येते, तीही कुणी दांडा दाबला तर.

कंप्रेसरची लांब नळी मागच्या अंगणात आली. हवा सुटली. बाटली फुगून ताठ झाली, तरी ताईने तोटी बंद केली नाही. बाटली करकरली.

"हवा जातेय वाटतं कुठून तरी," असं म्हणत धाकटी वाकली आणि तिने बाटलीला कान लावला. डावा कान.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तोटी तशीच टाकून ती धावली आणि बहिणीला दंडाला धरून तिने मागे ओढलं. दोघी धाडकन माझ्या पायाशी पडल्या. त्याच क्षणी बाटली फुटली आणि तिच्या चिंध्या भिंतीवर आदळल्या.

बाबा धावत आले. त्यांनी कंप्रेसर बंद केला आणि दोघींचे कान, डोळे, हात चाचपून पाहिले. ताई उठून त्यांच्या उजव्या बाजूला गेली.

"बाबा, मी मुद्दाम त्या बाजूने विचारलं होतं," ती म्हणाली आणि रडू लागली.

बाबांनी तिचे डोळे पुसले. मग त्यांनी मला उचललं.

"कंप्रेसर दमत नाही, म्हणून तो थांबतही नाही," ते म्हणाले. "याने भरताना आपला हात दमतो. हात दमला की माणूस थांबतं. हाच घ्या. थोडीच हवा भरायची आणि उभं राहायचं ते फळीच्या आड."

त्यांनी स्वतः नवी बाटली जाड गोणपाटात गुंडाळली. स्पर्धेत ताईने मला चालवलं. रॉकेट टाकीच्या अलीकडेच पडलं आणि मुलं हसली. घरी आल्यावर तिने माझ्या कोरड्या वायसरवर तेलाचे थेंब सोडले. तेवढ्याने माझा सगळा राग विरघळला.

मित्रांनो, घरातल्या जुन्या पंपाला अधूनमधून तेल द्या, एवढंच माझं मागणं. आणि परवानगी मागायची असेल, तर ज्या कानाला ऐकू येतं त्याच कानाशी मागा, मग नकार मिळाला तरी चालेल.