दाराखालचा चेहरा

तालुक्याच्या सभागृहात त्या दिवशी म्हाताऱ्यांचा बाजार भरला होता. चीनच्या यादवीतल्या शूचौच्या लढाईत जे होते ते संपायच्या आत त्यांच्या तोंडच्या हकिगती टेपवर घ्याव्यात, असं कोणा वरच्या साहेबाच्या मनात आलं होतं. डावीकडे सैनिक, उजवीकडे गावकरी. सैनिकांना खुर्च्या, गावकऱ्यांना बाकं. सूर्यफुलाच्या बिया मात्र दोघांना सारख्याच.

मियाओ आजीने बसल्या बसल्या हा हिशोब मांडला, वाट्याच्या बिया रुमालात बांधल्या आणि मान वाकडी करून समोरचा एकेक सैनिक न्याहाळायला लागली. मान इतकी वाकडी, की शेजारी बसलेली सून युनश्या कुजबुजली, "आई, सरळ बसा. लोक बघतायत."

"बघू देत. मी त्याला उलटा पाहिलाय. सरळ पाहून कसा ओळखू?"

"इतक्या वर्षांनी? तो जगला असेल कशावरून?"

"तेच तर जाणून घ्यायला आलेय. नाहीतर या मूठभर बियांसाठी बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली असती का मी?"

युनश्याला ती गोष्ट तोंडपाठ होती. त्या गोष्टीत ती स्वतः होती, नुकती बाळंत झालेली. बाळंतिणीला महिनाभर वारा लागू द्यायचा नाही, म्हणून दारावर लाल फडकं बांधलेलं. बाळाच्या बापाला, बाओगनला, पलीकडच्या सैन्याने दोरीला बांधून नेलं होतं. अशात अलीकडचं सैन्य गावात शिरलं. एका मिसरूड फुटलेल्या अधिकाऱ्याने फडकं पाहून उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले. "मावशी, दार हवंय. उसनं. परत आणून देऊ." आणि कवाड खाचेतून उचलून नेलं.

उसनवारीवर मियाओचा विश्वास नव्हता. शेजारणीने नेलेली चाळणी अजून यायची होती. तिने चौकटीत गोधडी टांगली आणि संध्याकाळी दाराच्या मागावर थेट नदी गाठली.

नदीवर दारांचा पूल झाला होता. साऱ्या गावाची दारं एकापुढे एक, आणि त्यांवरून धुरात, वाकून, न बोलता माणसं धावत होती. काठालगतचं दार तिचंच. नववर्षाला चिकटवलेल्या लाल कागदाचा तुकडा अजून त्यावर होता. तिचं काळीज चरकलं ते दारासाठी. पूल म्हटला की खांब आले, खांब म्हटले की खिळे. खिळे ठोकलेलं कवाड पुन्हा काय कामाचं? ती काठावर पालथी पडली, डोकं खाली सोडलं आणि दाराखाली पाहिलं.

खांब नव्हतेच.

माणसं होती. छातीएवढ्या पाण्यात, बर्फाच्या पापुद्र्यांमध्ये, खांद्यांवर दारं घेऊन उभी. वरच्या पावलांनी त्यांची डोकी हलत होती, खांदे हलत नव्हते. रांग या काठापासून थेट धुरात गेलेली, आणि कोणाच्याच तोंडून आवाज नाही. इतकी माणसं इतकी गप्प तिने कधी पाहिली नव्हती, देवळातसुद्धा नाही. सगळ्यात जवळचा चेहरा निळा पडलेला, आणि अंगात कोट पलीकडच्या सैन्याचा. क्षणभर तिला तो बाओगनच वाटला. पण ओठांवर तयार असलेला प्रश्न तोवर सुटून गेला होता.

"खिळे मारलेत का रे?"

"नाही, मावशी," तो निळा चेहरा म्हणाला.

ती रिकाम्या हातांनी घरी आली. रात्रभर गोधडीला पाठ लावून चौकटीत बसली, वारा अडवत. पहाटे डोळा लागला, उठून पाहते तर कवाड भिंतीला टेकवलेलं, बर्फाने मढलेलं. बाळ तगलं. बाओगन दोन वर्षांनी परत आला. हिशोबात एकच राहिला, तो दाराखालचा.

"साथी चू देशुन," ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं. काठी टेकत एक लंगडा म्हातारा पुढे आला.

"माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही," तो म्हणाला. "सगळे पुलावरून गेले. मी खाली होतो."

सभागृह हसलं.

"त्याआधी काही दिवस मी पलीकडच्या सैन्यात होतो. पकडला गेलो, यांनी पोटभर जेवू घातलं, टोपी बदलली. कोट तोच राहिला. पाण्यात आधी पाय बधिर झाले, मग कंबर. म्हटलं, आता सोडावं खांद्यावरचं. तेवढ्यात वरून एका बाईचं उलटं डोकं लोंबायला लागलं. विचारते कशी, खिळे मारलेत का?"

हसू आता मागच्या बाकांपर्यंत पोचलं. मियाओ आजीच्या रुमालाची गाठ सुटली होती.

"आम्हीही हसलो. दात वाजत होते, तरी हसलो. शेजारचा म्हणाला, या बाईला दार परत हवंय, म्हणजे आपल्याला ते न्यावं लागणार. मग उभे राहिलो. शेवटचा माणूस पार झाला तेव्हा आम्हाला ओढून काढलं. शेजारच्याला काढलं तेव्हा तो गेलेला होता. खांदा मात्र तसाच, ताठ." त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "दार कोणी पोचवलं, ठाऊक नाही. मी इस्पितळात होतो. खिळे नव्हते एवढं खरं."

टेपचं चाक फिरत राहिलं.

मियाओ आजी उठली. बिया फरशीवर सांडल्या, आणि तिने त्या गोळा केल्या नाहीत.

"नव्हते," ती म्हणाली. "मी दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी पाहिलं."

तो तिच्याकडे वळला. मग काठीवर भार देऊन त्याने हळूहळू मान वाकडी केली.