बारा अंड्यांचा रस्ता

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. तुमच्या वर्गात असतो तसाच, लाकडी चौकटीचा आणि काळा. फक्त माझ्यासमोर आता बाकं नाहीत. मुलगारा रोडहाऊसच्या पडवीत मी टांगलेला असतो. समोर पेट्रोलचे दोन पंप, एक झोपाळू कुत्रा आणि उत्तरेकडे गेलेला लाल मातीचा रस्ता, एवढंच माझं जग आहे. त्या रस्त्याला डांबर माहीत नाही. एकशेनव्वद किलोमीटरवर डँडारा नावाची गुरं पाळणाऱ्यांची वस्ती लागते, आणि मध्ये एकही घर नाही.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका सुताराच्या हातून झाला. तिथून मी आगगाडीने इथे आलो. तेव्हा इथे आगगाडी येत असे आणि अकरा मुलांची एक शाळाही होती. त्या अकरांत ग्लेनिस नावाची मुलगी होती. हिशेबात अगदी कच्ची! बाईंनी गणित घातलं की खडू हातात धरून ती माझ्याकडे अशी टक लावून बघायची, जणू उत्तर माझ्या पाठीमागे लपलं आहे. मला तिची फार दया यायची. पण फळ्याला कुजबुजता येत नाही.

पुढे आगगाडी बंद झाली, मुलं पांगली आणि शाळेला कुलूप लागलं. मी आठ वर्षं गोदामात पडून होतो. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. या जगात आपलं कोणी नाही, असं मला वाटू लागलं होतं. तेवढ्यात एके दिवशी दार उघडलं आणि चांगली थोराड झालेली ग्लेनिस आत आली. रोडहाऊस आता तीच चालवत होती. तिने मला पुसलं, पाठीवर घेतलं आणि पडवीत आणून टांगलं. त्या दिवशी मला झालेला आनंद मी कधी विसरणार नाही.

सुरुवातीला माझ्यावर जेवणाचे पदार्थ लिहिले जात. पण इथे येणाऱ्या माणसाला जेवणाआधी एकच प्रश्न पडतो. रस्ता कसा आहे? मित्रांनो, हा प्रश्न दिसायला सोपा आहे, उत्तर मात्र ज्याच्या त्याच्या चाकांप्रमाणे बदलतं. तीन डब्यांचा ट्रक हाकणारा म्हणतो, "मस्त आहे." त्याच रस्त्याने छोट्या गाडीतून आलेला म्हणतो, "परत जन्मात जाणार नाही." आणि सरकारी पाटीवर फक्त दोनच शब्द असतात, खुला किंवा बंद.

ग्लेनिसने यावर एक नामी युक्ती काढली. डँडाराला डॉट नावाची बाई कोंबड्या पाळते. दर बुधवारी टपालाच्या ट्रकमधून ती ग्लेनिसला बारा अंडी पाठवते. अंड्यांचा पुठ्ठा ट्रकच्या मागच्या फळीवर ठेवायचा, हा नियम. मुलगाऱ्याला पोचल्यावर ग्लेनिस पुठ्ठा उघडायची, फुटलेली अंडी मोजायची आणि तो आकडा माझ्यावर मोठ्ठा लिहायची. शून्य किंवा एक असेल तर खुशाल जा. तीन असतील तर हळू जा. पाच किंवा त्याच्या वर गेलं तर मागे काही जोडून नेण्याचं नावही काढू नका. लांबलांबचे लोक मला बघून जायचे. लहानपणी बेरीज न जमलेल्या मुलीचा एक आकडा अख्खा मुलूख मानत होता. मला त्याचा फार अभिमान वाटे, आणि मित्रांनो, अभिमान वाटला की डोळ्यांवर पडदा येतो. तसाच तो आमच्याही डोळ्यांवर आला.

त्या वर्षी थंडीच्या शेवटी नेव्हिल आणि आयलीन हे वयस्कर जोडपं इथे उतरलं. त्यांच्या गाडीमागे एक पांढरी कॅराव्हान होती. सहलीची नव्हे, ते त्यांचं घरच होतं. गावातलं घर विकून, सगळा संसार त्या चाकांवर चढवून ते डँडाराला निघाले होते. त्यांची मुलगी रोना तिथे स्वयंपाकीण होती आणि तिला तीन आठवड्यांनी बाळ व्हायचं होतं. आता तिच्याजवळच राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. नेव्हिल सुतार होता. त्याने नातवंडासाठी स्वतःच्या हाताने पाळणा केला होता, आणि तो कॅराव्हानमध्ये पलंगावर रजईत गुंडाळून ठेवला होता. सुताराचा हात बघून मला माझा बाप आठवला.

माझ्यावर त्या दिवशी पाचाचा आकडा होता. महिन्याभरापूर्वी उत्तरेला पाऊस झाला होता आणि ओल्या रस्त्यावरून गुरांचे ट्रक गेले होते.

नेव्हिलने फोन पुढे केला. "अहो बाई, यात तर रस्ता खुला दाखवतोय."

"खुला म्हणजे बंद नाही, एवढंच," ग्लेनिस म्हणाली. "बुधवारपर्यंत थांबा. क्लॅरी अंडी घेऊन येईल, मग बघू."

"म्हणजे माझं घर न्यायचं की नाही, हे कोंबडी ठरवणार?"

"कोंबडीने आजवर कोणाच्या गाडीचा आस मोडला नाही. तुमच्या फोनने चार मोडलेत."

आयलीन खळखळून हसली. नेव्हिल मात्र कुरकुरत दोन दिवस थांबला.

बुधवारी सकाळी क्लॅरीचा ट्रक आला. क्लॅरी म्हणजे आमचा टपालवाला. उंचापुरा, तांबड्या मिशांचा, मनाने चांगला पण भारी मानी. ग्लेनिसने सगळ्यांसमोर पुठ्ठा उघडला. बाराच्या बारा अंडी शाबूत!

"अरे क्लॅरी, हा चमत्कार कसा झाला?"

"गाडी चालवायला येते मला," क्लॅरी मिशीला पीळ देत म्हणाला आणि लगबगीने टपालाची पोती उतरवायला गेला.

ग्लेनिसने माझ्यावरचा पाच पुसला आणि शून्य काढलं. गोल, गुबगुबीत शून्य. नेव्हिलने टोपी उडवली. आयलीनने ग्लेनिसला मिठी मारली. पंधरा मिनिटांत कॅराव्हान लाल धुळीत दिसेनाशी झाली. मला खूप बरं वाटत होतं.

मग क्लॅरी न्याहारीला बसला. "दोन अंडी टाक गं तव्यावर," तो सवयीने बोलून गेला, आणि लगेच म्हणाला, "नको, नको, नुसता पावच दे!" पण ग्लेनिसने पुठ्ठ्यातलं अंडं उचलून तव्याच्या कडेवर आपटलंही होतं. कवच तडकलं, पण आतून काहीच सांडलं नाही. तिने दुसरं आपटलं. तेही तसंच. तिने सोललं तेव्हा आत पांढरंशुभ्र, टणक, उकडलेलं अंडं होतं.

"क्लॅरी!" ती अशी ओरडली की कुत्रा उठून उभा राहिला.

क्लॅरीच्या मिशा खाली आल्या. "गेल्या बुधवारी पाच फुटली तेव्हा तू चारचौघांत म्हणालीस, तुझ्यापेक्षा गाढव बरं चालवेल. सगळे हसले. म्हणून मी डॉटला म्हटलं, यावेळी उकडूनच दे."

"आणि रस्ता?"

"वाईट आहे. साठाव्या किलोमीटरच्या ओढ्यात गुरांच्या ट्रकांनी गुडघाभर चर पाडलेत. माझी गाडी उंच, म्हणून निघाली. कॅराव्हानचं पोट तिथे टेकलंच म्हणून समज."

"अरे मग बोलला का नाहीस? त्या बिचाऱ्यांचं घर आहे ते!"

"ते आज निघणार, हे मला कुठे माहीत होतं? आणि तू विचारलंस का मला? दहा वर्षं येतोय मी या रस्त्याने. तू पुठ्ठा उघडतेस, अंडी मोजतेस, फळ्यावर लिहितेस. मला कधी विचारलंयस, क्लॅरी, रस्ता कसा होता?"

ग्लेनिसच्या तोंडात कोणी मारल्यासारखा तिचा चेहरा झाला. आणि खरं सांगतो मित्रांनो, मलाही माझ्या अंगावरच्या त्या शून्याची लाज वाटली. ते पुसून टाकायला मला हात नव्हते.

ग्लेनिस बिनतारी यंत्राकडे धावली. "नेव्हिल, नेव्हिल, ऐकताय का? मागे फिरा!" पलीकडून नुसती खरखर. ट्रकवाल्यांच्या शिव्या आयलीनच्या कानी पडू नयेत म्हणून नेव्हिल गाडीतल्या यंत्राचा आवाज बंद ठेवायचा, हे तिला आठवलं. क्लॅरीने पावाचा तुकडा तसाच टाकला. पहाटेपासून तो गाडी चालवत होता, तरी काही न बोलता ट्रकवर चढला आणि आल्या वाटेने परत सुटला.

मग आम्ही वाट बघितली. ग्लेनिसने पंपावर आलेल्या गाड्यांना पेट्रोल घातलं, पण तिची नजर उत्तरेलाच होती. एक तास गेला. दीड तास गेला. ती माझ्यासमोर खडू घेऊन उभी राहिली, अगदी लहानपणी राहायची तशी. तिने शून्य पुसलं, पण दुसरं काही तिला लिहिता येईना.

शेवटी क्षितिजावर धूळ उठली. एक धूळ. तिच्यामागे दुसरी. पुढे क्लॅरीचा ट्रक होता आणि मागे पांढरी कॅराव्हान, चारही चाकांवर, अख्खी! ग्लेनिस तिथेच पायरीवर बसली आणि तिने डोळ्यांना पदर लावावा तसा कमरेचा एप्रन लावला.

झालं होतं असं. चाळिसाव्या किलोमीटरला, गुरं अडवायच्या लोखंडी जाळीपाशी, आयलीनने चहासाठी हट्टाने गाडी थांबवली होती. तेवढ्या रस्त्यातच कॅराव्हानमधली कपाटं उघडून साखर, तांदूळ आणि बटणं यांची जमिनीवर खिचडी झाली होती. पाळणा तेवढा रजईत सुखरूप होता. चहा संपायच्या आत क्लॅरी पोचला.

नेव्हिलच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "उकडलेली अंडी! माझं अख्खं घर तुम्ही उकडलेल्या अंड्यांवर धाडलंत!"

"चूक त्याची नाही, माझी आहे," ग्लेनिस म्हणाली. "मी अंड्यांना विचारलं, माणसाला विचारलं नाही."

"माझीही आहे," क्लॅरी खाली बघत म्हणाला. "मी दुखावलो ते सरळ बोलायचं सोडून कोंबड्यांना मध्ये घातलं."

आयलीनने नवऱ्याचा दंड धरला. "नेव्हिल, पुरे आता. तुलाही कोणाला विचारायला नकोच असतं. टपालवाला इथेच उभा होता, त्याच्याशी एक शब्द बोललास का? नाही. फळ्यावर शून्य दिसलं आणि सुटलास!" शेवटी नेव्हिललाही हसू फुटलं. त्या दुपारी ती उकडलेली दहा अंडी सगळ्यांनी मिळून मीठ लावून खाल्ली. उरलेली दोन कुत्र्याला मिळाली.

दुसऱ्या दिवशी आयलीन क्लॅरीच्या ट्रकमधून पुढे गेली. पाळणा तिने मांडीवरच घेतला, फळीवर ठेवू दिला नाही. नेव्हिल कॅराव्हानपाशी थांबला. रस्ता सपाट करणारं यंत्र यायला नऊ दिवस होते. रिकामा बसेल तो सुतार कसला? त्याने माझा कुरतडलेला कोपरा कापून नवं लाकूड बसवलं, चौकट आवळली आणि मला काळ्या रंगाचे दोन हात दिले. इतक्या वर्षांत माझी एवढी सेवा कोणी केली नव्हती. शेवटी त्याने आकड्याच्या खाली तीन रेघा आखल्या. कोण आलं? कोणत्या गाडीतून? मागे काय होतं? दुधाने पोळल्यावर ताकही फुंकून प्यावं, तशी ग्लेनिस आता येणाऱ्या प्रत्येकाला आत बसवते, चहा देते, विचारते आणि मग त्या रेघांवर लिहिते. अंडीही मोजते. पण आधी एक अंडं फोडून बघते!

यंत्र येऊन गेल्यावर नेव्हिल अंड्यांच्या दिवशीच गेला. माझ्यावर एकचा आकडा होता आणि त्याखाली लिहिलं होतं, "क्लॅरी. टपालाचा ट्रक. म्हणतो, ओढ्यातले चर बुजवले, आता कॅराव्हान जाईल." बाळाच्या जन्माआधी चार दिवस ते घर आपल्या जागी पोचलं.

मित्रांनो, आता मी बराच म्हातारा झालो आहे. पुष्कळ लोक गाडीतून न उतरताच फोन बघतात आणि निघून जातात. कधीकधी माझ्या अंगावर आठवडाभराची धूळ साचते. मी रागावत नाही. मी सुखात आहे. माझं एवढंच सांगणं आहे की आकडा बघा, पाटी बघा, फोनही बघा. पण घर मागे जोडून निघाला असाल तर गाडीतून उतरा, नुकत्याच त्या रस्त्याने आलेल्या माणसाला भेटा आणि त्याला विचारा, माझ्या चाकांना हा रस्ता झेपेल का? आणि त्याच्या चालवण्याला हसू नका.

एक शेवटची गोष्ट. त्यानंतर चार महिन्यांनी डँडाराकडून एक गाडी आली. आयलीन उतरली, नेव्हिल उतरला, आणि मागून रोना उतरली. तिच्या कडेवर एक गोरीगोमटी मुलगी गाढ झोपली होती.

"अंडी?" ग्लेनिसने हात पुढे केला.

"अगं बाई, विसरलेच!" आयलीन म्हणाली.

"मग मी फळ्यावर काय लिहू? बरं, सांग तरी, रस्ता कसा होता?"

आयलीनने नातीकडे बोट दाखवलं. "निघाल्यापासून एकदाही उठली नाही."

ग्लेनिस खडू घेऊन माझ्यासमोर आली. या वेळी तिला जराही अडलं नाही. आकडा तिने पुसून टाकला आणि त्या जागी लिहिलं, "बाळ झोपून आलं. जा."